मागच्या काचेवरची वाफ

सणसर, १२ जानेवारी १९९४, संध्याकाळ

रसूलभाईंच्या जुन्या मेटाडोरच्या खिडक्यांना आज नवं रबर बसवलं. बाजारोबाजार कापड विकत ते गाडीतच झोपायचे. दम्याचा माणूस. दिवाळीत मागच्या काचेखालीच झोपेत गेले. उद्यापासून त्यांचा मुलगा सलीम तिथं झोपणार.

साबणाचं पाणी लावून, खाचेत घातलेली सुतळी आतून ओढत रबर बसवलं. घट्ट बसलं. बाहेर येऊन दारं लावली, तर मागच्या काचेवर आतून वाफ. तोंडाएवढी. आत कोणी नव्हतं. आत जाऊन पुसली. परत तिथंच, तेवढीच.

शेजारी उभा सलीम हसला. "आबा, साबणाचं पाणी हाय ते. तुमी लई भेता."

असेल. मग बाकीच्या काचा कोरड्या कशा?

तेव्हा आठवलं. जुनं रबर त्या कोपऱ्यात बोटभर तुटलेलं होतं. मी समजलो, उंदरानं खाल्लं. रसूलभाईंनीच कापलं असणार, हवेसाठी. आणि ती फट आज मी बुजवली!

चाकूनं नवं रबर तिथंच कापलं.

"अवो आबा, कोरं रबर हाय!"

वाफ विरली. परत आली नाही. सलीमला एवढंच सांगितलं, ही फट बुजवू नको.

आता लिहिताना माझीही खिडकी बोटभर उघडी आहे. थंडी वाजतेय, पण लावायला हात धजत नाही.