गुहांची पुस्तकं मी रद्दीत देणार नाही

रविवार, ९ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आहे असं वहिनी फोनवर म्हणाली, आणि तू त्यांचं ऐकत नाहीस असंही म्हणाली. माझं बरं चाललं आहे. ग्रंथालयात दुरुस्ती निघाल्यामुळे आमची बांधणीची खोली तळघरातून वर, थेट खिडकीपाशी आली. इतकी वर्षं दिव्याखाली पुस्तकं शिवली. आता उजेडात बसल्यावर आपलेच टाके वाकडे दिसतात.

तुझं पत्र मिळालं. घर रिकामं करायला माणसं येण्याआधी बाबांची ट्रंक रद्दीवाल्याला देऊन टाक, ती गुहांची पुस्तकं पुन्हा डोळ्यांसमोर नकोत, असं तू लिहिलंस. ट्रंक मी दिली नाही. देणारही नाही. ती माझ्याकडे आणली आहे. वाळवी लागलेली पानं सारखी केली, प्रत्येक पुस्तक उसवून नव्याने शिवलं, खळ लावून जाड पुठ्ठे चढवले. आता ती आपल्यापेक्षा जास्त जगतील.

दादा, तू सोयीस्कर विसरतोस. बाबा सिनेमागृहात मशीन चालवायचे, त्यामुळे अंधाराशी त्यांची जुनी ओळख. सुट्टीच्या दुपारी पडदे ओढून आपल्या तिघांना पलंगाखाली सरकवायचे आणि टॉर्चच्या उजेडात ती परकी पुस्तकं आपल्या भाषेत सांगायचे. टोपीवर मातीच्या गोळ्यात मेणबत्ती रोवून निघालेली माणसं. दोराला आडवी काठी बांधून, तिच्यावर बसून, तळ न दिसणाऱ्या भोकात उतरणारी माणसं. ‘पुढे काय झालं, बाबा?’ असं सगळ्यांत मोठ्यांदा ओरडणारा तूच होतास.

त्यातले नकाशे आता चुकीचे ठरलेत. मेणबत्त्या जाऊन डोक्यावर विजेचे दिवे आले. तरी मी ती पुस्तकं काही दिवस वाचनकक्षात ठेवली, तर लोक हातातून खाली ठेवीनात. एक निवृत्त नर्सबाई तर रोज दार उघडायच्या आधी येऊन उभी. का, ते मला शिवता शिवता उमगलं. डोंगर खालून दिसतो. किती चढायचं ते आधी कळतं. गुहेत आपण पाऊल टाकेपर्यंत पुढे काही आहे की नाही, हेच जगात कुणाला ठाऊक नसतं. बघायला कुणी नाही, टाळ्या वाजवायला कुणी नाही. आणि ही माणसं बढाया मारत नाहीत. वाट पुढे जाते आहे, पण आमचा दोर संपला, म्हणून परत फिरलो, असं सरळ लिहून मोकळी होतात. माघारीबद्दल इतकं निलाजरेपणाने लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे वाचलं नाही.

‘याच पुस्तकांनी ताईला खाल्लं,’ असं तू लिहितोस. आणि शेवटी विचारतोस, ‘चिमणीच्या हाती तर नाही ना दिलीस?’

आधी ताईचं बोलते.

ताईला पुस्तकांनी नाही खाल्लं. ती गुहेतून बाहेर आली होती, दादा. सुखरूप, बाकी सगळ्यांबरोबर. सोबतचा सुतार पाय मोडून आत अडकला म्हणून ती परत गेली. पाणी वाढलं. सुतार वाचला, ती नाही. हे सांगायला तो बिचारा कुबड्या घेऊन तुझ्या दारात आला, तेव्हा तू त्याच्या तोंडावर दार लावलंस. मी त्याला घरात घेतलं. तेव्हापासून तो माझ्याकडे येतो. हे तुला माहीत नव्हतं, आता माहीत झालं.

आता चिमणीचं.

तुझी लेक इस्पितळात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांच्या हाडांच्या आत बघते, आणि तिने पुस्तकाच्या आत बघू नये म्हणून तू धडपडतोस! हो, मी दिली तिला पुस्तकं. तिने मागितली. ताईआत्या कशी होती, हे तुझ्या घरात कुणी सांगत नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. एकेक करून सगळी वाचली, मग म्हणाली, ‘आत्या, मला ती जागा बघायची आहे.’

गेल्या महिन्यात ती तुला ट्रेनिंगला जाते म्हणून सांगून निघाली, ती माझ्याबरोबर होती. आम्ही सुताराबरोबर त्याच गुहेत गेलो.

बस खाली. पाणी पी. मग पुढे वाच.

वाकून, सरपटत, पोटावर चिखल घेत गेलो. माझ्या वयाला शोभेल असं काहीच नव्हतं. एका चिंचोळ्या फटीत मी अशी अडकले की चिमणीला हसू आवरेना. मग एक उंच कोनाडा आला. सुतार थांबला.

‘इथे,’ तो म्हणाला. ‘खालून खांदा लावून मला तिने वर चढवलं. “आधी तू, मी नंतर,” म्हणाली. तिचं नंतर काही आलंच नाही.’

आम्ही दिवे विझवले. असा अंधार मी कधी पाहिला नव्हता. भीती वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. मी ताईला मोठ्याने हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कुणी गप्प बस म्हणालं नाही.

दिवा लावल्यावर चिमणी पायाशी बघत राहिली. ‘आत्या, मघाशी या पाण्याचा तळ दिसत होता.’

‘आपल्याच पायांनी ढवळलं असेल,’ मी म्हणाले.

‘नाही. वरून येतंय ते गढूळ आहे. पुस्तकात आहे बघ, पाणी गढूळलं की पाऊस कुठे पडला याची चौकशी करायची नाही, निघायचं.’

सुताराने पाण्यात हात घातला आणि म्हणाला, ‘निघा.’ पुढची मोठी गुहा हाकेच्या अंतरावर होती. चिमणीने तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही. बाहेर आलो तेव्हा आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. आम्ही कपडे बदलत होतो, तेवढ्यात आत घोंगावायला लागलं आणि ज्या तोंडातून आलो होतो त्यातून लाल पाणी उसळलं. चिमणी माझा हात घट्ट धरून उभी होती. ती रडली, मीही रडले, सुतार तर खालीच बसला.

हे तुझ्यापासून लपवता आलं असतं. चिमणीच म्हणाली, लपवायचं नाही. तू संतापशील, वहिनी अन्न सोडेल, माझ्याशी बोलणं टाकशील. टाक. पण तुझी लेक घरी आली ती त्याच पुस्तकांमुळे, जी तू रद्दीत घालायला निघाला आहेस. तिने ती वाचली नसती तर मी शहाणी तिला ‘चल पुढे’ म्हणाले असते.

कोरडे दिवस आले की आम्ही पुन्हा जाणार आहोत. परवानगी मागत नाही, कळवते आहे.

पुढच्या रविवारी चिमणी तुझ्याकडे येईल. सोबत मी असेन, आणि सुतारही. दार लावलंस तर तो पायरीवर बसून राहील. मी त्याच्या शेजारी बसेन. तुला गुडघ्यामुळे जिना उतरून यायचं नसेल, तर वरूनच ओरड; आम्ही ऐकून घेऊ, पण उठणार नाही.

तुझ्या दोन बहिणींपैकी,
धाकटी