बाबांच्या बेगोनियावरची भुरी

९ नोव्हें., रवि.
बाबांच्या बेगोनियावर पांढरं काहीतरी. आधी वाटलं टाल्कम असेल. बाबा आंघोळीनंतर इतकी पावडर फासतात की अर्धी आमच्या सोफ्यावर बसते. ओल्या फडक्याने तिन्ही कुंड्यांची पानं पुसली. गेलं. पुसताना बाबा मागे उभे, जसं काही मी त्यांच्या लेकराचं तोंड खसाखसा धुतेय.

१२ नोव्हें.
परत आलंय. पिठासारखे गोल ठिपके. दुपारी ऑफिसातून डोंबिवलीच्या नर्सरीवाल्याला फोटो पाठवला. म्हणाला, भुरी आहे, बुरशी. कुंड्या दाटीने ठेवू नका, पानांवर पाणी मारू नका, खिडकी उघडी ठेवा, रोगट कुंडी बाजूला काढा. आणि एकच फडकं सगळ्या झाडांना फिरवू नका.
म्हणजे फडक्याचं पाप माझं. बाकीचं सगळं बाबा रोज नेमाने करतात. संध्याकाळची वंदना झाली की तांब्यातलं पाणी पानांवर शिंपडायचं, आई करायची तसं. ठाण्याच्या चाळीत ते चालून गेलं, गॅलरीत वारा होता. इथे ठाकुर्लीला बुद्धांच्या फोटोखालचा कोपरा, खिडकी धुळीसाठी कायम बंद, आणि तिन्ही कुंड्या एकमेकींना चिकटून. चाळीत जागा अडवली म्हणून शेजारी भांडायचे, तेव्हापासूनची सवय. चाळ पाडायला घेतली, बाबा सवय तेवढी घेऊन आमच्याकडे आले.

१३ नोव्हें.
जास्त आजारी कुंडी बाथरूमजवळ ठेवली होती. संध्याकाळी घरी येते तर परत दोघींच्या मध्ये. विचारलं तर म्हणाले, "आजारी माणसाला कोणी एकटं टाकतं का?"
आईच्या शेवटच्या आजारात हा माणूस हॉस्पिटलच्या बाकावरून हलला नव्हता.

१८ नोव्हें.
तिन्हींवर भुरी. पानं वाकडी होऊन गळायला लागली. माझा पारा चढला. नको ते बोलले. माझ्या घरात माझं एक ऐकत नाही, असं काहीतरी. 'माझ्या घरात' म्हटलं आणि जीभ चावली, पण उशीर झालेला. बाबांनी जेवून स्वतःचं ताट घासून ठेवलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

१९ नोव्हें.
सकाळी त्यांनी माझ्या भावाला, दिलीपला, टिटवाळ्याला फोन केला. तिकडे येतो म्हणाले. दिलीप खूश, त्याचं कधीचं चाललंय बाबांना पाठव म्हणून. मी माफी मागितली. राहा म्हटलं, सरळ शब्दांत. अनिलनेही सांगितलं, आणि जावयाचं ऐकतात ते. पण त्यांचं एकच, लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, लोक काय म्हणतील. कुठले लोक? मजल्यावर कोणाला कोणाचं नाव माहीत नाही.
शेवटी म्हणाले, "हे झाड सावरू दे. नवीन पान आलं की जातो. सुनेच्या दारात रोगट झाड घेऊन कसा जाऊ?"
एवढी मुदत मिळाली.

२३ नोव्हें., रवि.
आज शस्त्रक्रिया. लिटरभर पाण्यात लहान चमचाभर खायचा सोडा, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड. आधी बुधवारी एकाच पानावर मारून बघितलं होतं. तेव्हा बाबांनी मी पाहत नसताना सोडा मुठीने वाढवला. ते पान कडेने करपलं. पुन्हा मापात केलं.
रोगट पानं बाबांनीच कापली, नखांच्या कात्रीने. प्रत्येक पानाला "झालं हां, झालं". कापलेली पानं खत होईल म्हणून त्याच कुंडीत टाकत होते. हातातून घेऊन पिशवीत बांधली.

३० नोव्हें.
दोन कुंड्या गेल्या. बाबा जेवले नाहीत, झोप येतेय म्हणाले. तिसरीचा नुसता खुंट उरलाय. मला फार वाईट वाटलं. आईच्या हातचं तेवढंच आहे.

६ डिसें.
खिडकी आता दिवसभर उघडी. धूळ येते, येऊ दे. खुंट खिडकीत, पाणी फक्त मातीला. वंदना झाली की बाबांचा हात सवयीने तांब्याकडे जातो आणि परत येतो. मला ते बघवत नाही.
त्यांची खुर्चीही खिडकीत सरकली, पेपर तिथेच. खालच्या वॉचमनशी खाणाखुणा चालतात. त्याचं गाव आपल्याच तालुक्यातलं निघालं म्हणे. अनिल म्हणतो, आता बाबा पाहुण्यासारखे बसत नाहीत.

१९ डिसें.
खुंटाला कोंब. तांबूस, तांदळाएवढा. पाणी घालताना दिसला. मी वेड्यासारखी नाचले असते. मग आठवलं, पान आलं की जाणार.
कुंडी फिरवून ठेवली. कोंब गजांकडे, खुर्चीकडे नुसता खुंट. लहान पोरीसारखं वागले. असू दे.

२१ डिसें., रवि.
सकाळी उठले तर कुंडी परत फिरलेली. कोंब खुर्चीच्या अगदी समोर. त्याचं पान उघडलंय, नखाएवढं. वाकून पाहिलं, ठिपका नाही अजून.
बाबा चष्मा लावून त्याच्याकडेच बघत होते. तेवढ्यात दिलीपचा फोन. कधी येताय, गाडी पाठवू का. मी स्वयंपाकघराच्या दारात.
बाबांनी घसा खाकरला. पानावरची नजर काढली नाही.
"नाही रे दिलीप. अजून काहीच हालचाल नाही."
मी आत जाऊन चहा टाकला. त्यांच्यासाठी जास्त साखरेचा.
नाताळच्या सुट्टीत दिलीप स्वतः येणार आहे, झाड बघायला.