माय, तुला वाचता येत होतं

प्रिय माय,

तुला जाऊन आज चौदावा दिवस. इतक्या दिवसांत तुला पत्र लिहावं असं एकदाही मनात आलं नाही. जिला अक्षर ओळखता येत नाही, तिला कोण पत्र लिहितं? तू होतीस तेव्हाही मी मेहकरहून पत्र टाकायची ती बाबांच्या नावाने. ते शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेत, आणि शेवटी माझी ठरलेली ओळ असे, ‘मायला सांगावे.’

काल तुझी तेरवी झाली. आणि काल कळलं की तुला वाचता येत होतं. लिहितासुद्धा!

अजून विश्वास बसत नाही. सकाळपासून तीनदा कागद घेतला आणि तीनदा बाजूला ठेवला. वर ‘श्री’ काढू की नको? गेलेल्या माणसाला लिहिताना काय करायचं, हे तू कधी सांगितलंच नाहीस. बाकी सगळं सांगितलंस!

आपल्या डोणगावच्या घरात दर पंधरवड्याला मी दौत-टाक घेऊन बसायची आणि तू सूप हातात घेऊन सांगायचीस. संग्रामपूरच्या काशीमावशीला, म्हणजे तुझ्या थोरल्या बहिणीला, एक कार्ड ठरलेलं. आठ-नऊ वर्षांची होते मी. तुझा सूर अजून कानात आहे. “आधी मोठ्यायले नमस्कार, मंग लहान्यायले आशीर्वाद. कोनाचं नाव सुटलं तर त्याच्या मनाले लागते.”

“माय, एवढी नावं लिहिली तर मजकुराला जागाच उरत नाही.”

“नावं हाच मजकूर असते बाई.”

आणि ते दुसरं, जे मी आता माझ्या शाळेतल्या मुलींना शिकवते: “वाईट खबर पयल्या वळीत लिवू नोको. मानूस उभ्यानं कार्ड वाचते. त्याले बसू दे आधी.” लग्नाच्या पत्रिका निघाल्या की म्हणायचीस, रुसलेल्याची पत्रिका सगळ्यात आधी धाडा, तो वाट पाहून राह्यला असते. ज्याच्या घरी दुःख झालं त्याला कुंकू लावलेला कागद नुसता धाडू नका, आधी कोणीतरी जाऊन त्याच्याजवळ बसून या.

मला वाटायचं, न शिकलेल्या बाईला हे सगळं कसं ठाऊक? ऐकून ऐकून येत असेल, अशी मी समजूत घालायची.

लिहून झालं की तू कार्ड हातात घ्यायचीस. उलटं! मी खो खो हसायची. “माय, उलटं धरलंस!” तूही हसायचीस आणि सरळ करून बराच वेळ बघत राहायचीस. मला वाटे, अक्षरांची नक्षी बघते आहे.

तू वाचत होतीस ना गं?

आणि पंधरा दिवसांनी मावशीचं उत्तर यायचं. त्यात माझ्या चुका. ‘आशीर्वादमधला शी दीर्घ. विनंतीला शेवटी दीर्घ ती.’ किती राग यायचा मावशीचा! एवढ्या लांब बसून माझे कान पिळते. काल मावशी म्हणाली, “मले कुठं एवढं शुद्धलेखन येते बाई? तुही मायच मले चुका लिवून धाडे. मी त्याच तुले उतरून धाडो.”

मी दुसरीत असताना बाबा मला शाळेतून काढायला निघाले, तेव्हा तू म्हणालीस, “मले लिवता येत नाही. पोट्टी शाळेतून काढली तर माह्या बहिनीले कार्ड कोन लिवन? घरातल्या गोष्टी गावच्या मुनिमाले सांगू काय?” बाबांना ते पटलं. मी राहिले शाळेत. तुझ्या त्या एका वाक्यावर माझं सगळं आयुष्य उभं आहे, आणि ते वाक्य खोटं होतं!

आता ते कार्ड. माय, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहायला हात होत नाही. पण तुझाच नियम पाळला आहे. वाईट गोष्ट पहिल्या ओळीत लिहिली नाही.

मी तेरा वर्षांची होते. बीबी गावचं स्थळ सांगून आलं होतं. तू काही बोलली नाहीस, नुसती पापड लाटत राहिलीस, आणि मला वाटलं तुझाही होकार आहे. त्याच दुपारी तू मावशीचं कार्ड लिहायला बसवलंस. तू नमस्कार-आशीर्वाद सांगत गेलीस, मी मान हलवत गेले, आणि लिहिलं भलतंच. लिहिलं, ‘माझी माय अडाणी आहे. तिला पोरीला बोहल्यावर उभी करण्यापलीकडे जगातलं काही कळत नाही. ती कार्डसुद्धा उलटं धरते. मला तिच्यासारखं व्हायचं नाही.’ मग तू सांगितलेला मजकूर, जसाच्या तसा, कार्डाकडे बघत वाचल्यासारखा म्हणून दाखवला.

तू कार्ड घेतलंस. त्या दिवशी सरळ धरलंस. बघितलंस. मला म्हणालीस, “खाली तुहं नाव लिवलं काय?”

“हो.”

“मंग टाक पेटीत.”

एवढंच! पुन्हा पापड लाटायला लागलीस. रात्री मला तूप जास्त वाढलंस, हेही आता आठवतं आहे.

महिन्याभरात मावशीचं पत्र आलं, बाबांच्या नावाने. पोरीला अमरावतीला मास्तरीणबाईच्या शिक्षणासाठी धाडा, मी जबाबदारी घेते. बीबीचं स्थळ मागे पडलं. मी शिकले, मेहकरला नोकरी लागली, आणि सगळं श्रेय मी मावशीला दिलं. तुझ्या तोंडावर दिलं. तू म्हणालीस, “हाव, काशीबाईचे लय उपकार.”

आणि मग तू गेलीस. सकाळी शेतात तूर पाहून आलीस, ओसरीवर पाणी प्यालीस आणि भिंतीला टेकलीस ती टेकलीसच. मी मेहकरहून पोचले तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं. सगळ्या नातलगांना कार्डं मीच लिहिली, अशुभ बातमीच्या रिवाजाप्रमाणे वर ‘श्री’ न काढता, एकेका कार्डाचा कोपरा फाडून. मावशीच्या कार्डाचा कोपरा फाडताना बोटं थांबली होती.

काल जेवणं झाल्यावर मावशीने मला आणि बाबांना मधल्या घरात बसवलं. कमरेची पिशवी सोडली आणि एक पिवळं पडलेलं कार्ड माझ्या हातात दिलं. पेन्सिलीचं बारीक, उभं अक्षर. मी विचारलं, “कोणाचं?”

“तुह्या मायचं.”

“कोणाकडून लिहून घेतलं?”

“कोनाकडून नाही. तिचंच अक्षर हाय ते.”

बाबा म्हणाले, “काशीबाई, काय बोलून राह्यल्या तुम्ही?”

मग मावशीने सांगितलं. तुम्ही दोघी बहिणी माझ्या मामाच्या शिकवणीच्या वेळी दाराआड बसून शिकलात. लग्न होऊन तू इथे आलीस आणि पहिल्याच महिन्यात माहेरी कार्ड लिहिताना आजीने, तुझ्या सासूने, तुला पाहिलं. बाईनं लेखणी धरली की नवरा मरतो, म्हणाली, आणि देवापुढे आण घालायला लावली की या उंबरठ्याच्या आत लेखणी धरणार नाही. तू आण पाळलीस. उंबरठ्याच्या आत कधीच धरली नाहीस! शेतातल्या खोपीत बसून लिहायचीस आणि बांगड्या विकायला येणाऱ्या कासारणीच्या हाती कार्ड टपालात टाकायचीस.

बाबांनी मला म्हटलं, “वाच.” मी मोठ्याने वाचलं. तुझेच शब्द तुला लिहिते आहे:

‘ती. काशीबाईस दंडवत. पोरीचं कार्ड पोचलं असन. मले अडाणी लिवलं हाय. वाचून लय वाईट वाटलं. मंग दुसऱ्यांदा वाचलं. बाई, सगळ्या कार्डात एक चूक नाही. ऱ्हस्व-दीर्घ समदं बरोबर, अक्षर मोत्यावानी. असी पोरगी बोहल्यावर उभी करू काय? तू तिच्या बापाले लिव का अमरावतीले शिकायले धाडा. मी बोलली तर हसण्यावारी नेतीन, तुहं लेखी आलं का मानतीन. पोरीले रागावू नोको. तिले काही सांगू नोको.’

मी मावशीला ओरडूनच विचारलं, “आजी जाऊन किती वर्षं झाली! मी मास्तरीण झाले! मी तिला अंगणात पाटी आणून दिली, तर तिनं मुद्दाम वाकडा ‘ग’ काढला! मला काऊन नाही सांगितलं तिनं?”

मावशी म्हणाली, “मी बी हेच इचारलं तिले. म्हने, आता सांगतलं तर पोरीले ते कार्ड आठवन. मायनं वाचलं होतं, हे कळन तिले. जलमभर लाजन बिचारी. राहू दे मले अडाणीच.”

माय, हे तू बरं केलं नाहीस. मला लाजायचं होतं! तुझ्या पायांवर डोकं ठेवून एकदा लाजू द्यायचं होतंस. सगळ्यांचे मान राखायला शिकवलंस, आणि माफी मागायची माझी जागा तेवढी काढून घेतलीस.

आज मावशीची गाडी निघून गेल्यावर बाबा माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, “मी मरन म्हनून भ्याली असन काय तुही माय, खोपीत लिवतानी?” मग त्यांनी ते कार्ड मागितलं. मी वाचायला लागले तर हात आडवा केला. “तू नोको वाचू. मले वाचता आलं पायजे. तिचं नाव कसं लिवतात, दाखव.”

मी पाटीवर लिहिलं, यमुना. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी कधी ऐकलं नाही. कालपर्यंत तुला ‘गोदीची माय’च म्हणत होते. त्यांनी तोंडाने नाही उच्चारलं आजही, पण बोट ठेवून गिरवलं. चार वेळा.

तुला वचन देते, माय. दर रविवारी मी मेहकरहून येईन आणि बाबांजवळ पाटी घेऊन बसेन. ते अडले तर थांबेन, पण त्यांच्याऐवजी एक शब्दही वाचणार नाही. तुझं कार्ड ते स्वतः वाचतील, ‘अडाणी’ या शब्दासकट, आणि तेव्हा मी समोर बसून ते सगळं ऐकेन.

चूक दिसली तर कळव.

तुझी,
गोदी