बटाटे काढायचे दिवस

प्रिय धाकटे,

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातल्या शनिवारच्या दुपारी आठवतात? व्हरांड्याच्या पायरीवर बसून आपण बूट पॉलिश करायचो. तू बुटांपेक्षा मोजेच जास्त काळे करायचीस, आणि सिस्टर आल्या की खुशाल माझ्याकडे बोट दाखवायचीस. मी मुकाट्यानं ओरडा खायचे. खरं बोलायची सवय त्या शाळेनं लावली, असं मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आले.

तुझं पत्र परवा नावाड्यानं आणून दिलं. रुग्णालयातली नोकरी सोडून, खोली विकून तू इथं कायमची राहायला येणार म्हणतेस. माझ्या पत्रांनीच तुला हे वेड लावलं म्हणतेस. झऱ्याचं पाणी, चुलीची ऊब, तीन शेळ्या, मोजक्या गरजा. सगळं मीच लिहिलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. सहा वर्षं आम्ही खरंच सुखात होतो. तुझे भावजी जन्मभर नकाशे काढणारे. त्यांच्या हातात कुदळ दिली ती मी. ते मला मदर सुपीरियर म्हणायचे.

गेल्या वर्षी ते हृदय बंद पडून गेले, असं मी तुला कळवलं. तू यायच्या आत सगळं उरकूनही टाकलं. तसं झालं नव्हतं गं. कुंपणाची गंजकी तार त्यांच्या टाचेत घुसली. मी पाल्याचा लेप बांधला. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, होडीनं पलीकडच्या आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन घेऊन येऊ का, धाकटी दर पत्रात बजावते. बटाटे काढायचे दिवस होते. मी म्हटलं, एवढ्याशा जखमेला घाबरून शहराकडे धावायचं, तर मग आलोच कशाला इथं? ते हसले. मदर सुपीरियरपुढे कुणाचं चालतं, म्हणाले आणि लंगडत वाफ्यात उतरले. नवव्या दिवशी त्यांचा जबडा उघडेना. पुढचं तुला, नर्सला, काय सांगू? दार वाजलं तरी अंग धनुष्यासारखं ताठायचं. वारा सुटला होता, होडी बंद. पाच दिवस. शेवटपर्यंत शुद्धीवर होते.

त्याच आठवड्यात भोपळ्याचा वेल फुलांनी भरला. निसर्ग किती शिकवतो, असं त्यानंतरही मी तुला लिहीत राहिले. त्याचं आपल्याकडे लक्षसुद्धा नसतं. लक्ष ठेवायचं काम माझं होतं.

म्हणून हे पत्र. राजीनामा दिला असशील तर मागे घे, खोली विकू नकोस. मी शनिवारी हे घर सोडते. सिस्टरांच्या वृद्धाश्रमात एक खाट मिळाली आहे. तुझ्या दारात उभं राहायची हिंमत नाही. शेळ्या नावाड्याच्या बायकोला दिल्या. कुदळ-फावडी सुताराला. त्यांचे नकाशे तुला पाठवते, ओलीत ठेवू नकोस. सोबत त्यांचा चष्मा आहे, तो थोरल्या दिरांना दे. शेवटी त्याला त्रास नाही ना झाला, असं ते अजून दर पत्रात विचारतात. चष्म्याबरोबर हे पत्रही त्यांच्या हातात दे, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत तिथंच बसून राहा.

तुझीच,
मोठी