पाकटांची तळी ओरथायच्या नावे

मी, बुनरुआन थोंगयू, राहणार नाखोन चाय सी, थाचीन नदीचा काठ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मात्र माडीवर बसून लिहीत असताना माझा मुलगा फीरायुत मागच्या आवारात टेप धरून तळी मोजतो आहे आणि त्याच्यासोबत बँकॉकचं एक गिऱ्हाईक आहे. परवा माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. मी परत येणार नाही असं धरून दोघांचा तळी आणि मासे विकण्याचा सौदा चालला आहे. म्हणून आजच लिहिणं भाग आहे.

एक. राहतं घर आणि घरापुढची पोमेलोची बाग फीरायुतला मिळावी. तो माझा एकुलता एक मुलगा आहे. त्याला उघड्यावर टाकण्याची माझी इच्छा नाही.

दोन. मागच्या आवारातली पाकटांची सर्व तळी, त्यांतले मासे, पंप, गाळण्या आणि जनरेटर मी ओरथायला देते. ती फीरायुतची बायको होती. दोघांचा घटस्फोट झाला आहे, तरी मी तिला सूनच म्हणते. यावर कोणी वाद घालू नये.

कारण लिहून ठेवते. ही तळी माझे यजमान सानित यांनी बांधली. पाकट हा चपटा मासा, तळाशी पसरून राहणारा. त्याला उंची नको, ऐसपैस जमीन लागते. म्हणून तळी रुंद, उथळ, आतून गुळगुळीत, आणि काठ आत वळवलेले, कारण पाकट भिंतीवर चढत वर येतं. फीरायुतला हे जुनाट वाटे.

"बाबा, लोकांना काचेची उंच टाकी लागते. दिवाणखान्यात शोभते."

"शोभेल रे. पण पाकटानं त्यात वळायचं कसं? उभ्यानं?"

पुढे सानित इस्पितळात असताना फीरायुतने घाईघाईने नदीच्या बाजूला नवं तळं बांधून घेतलं. भिंत बुटकी, काठ सरळ. सानित घरी आले ते अस्थिरूपाने, त्यामुळे त्या तळ्याला कोणी नावं ठेवली नाहीत. मीही नाही.

महापुराच्या साली नदी त्या भिंतीवरून आत आली आणि पाकटं गल्लीत गेली. गल्लीत कमरेइतकं गढूळ पाणी. त्यातून माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन चाललेली. पाण्याखाली कुठे विषारी काट्याची शेपटी आहे, कोणालाच दिसत नव्हतं.

फीरायुत म्हणाला, "गाडी बुडेल. हमरस्त्यावर लावून येतो." तो गेला.

ओरथाय जाळं आणि बांबू घेऊन गल्लीत उतरली. ओरडत होती, "पाय उचलू नका! तळ घासत चला, म्हणजे मासा आधीच हलतो!" शेजारचे चुआयकाका नातीला खांद्यावर घेऊन येत होते. ते चिडले. "माझ्याच गल्लीत मी कसं चालायचं, हे तू शिकवणार?" त्यांनी पाय उचलला. ओरथायला गढूळ पाण्यात क्षणभर वर आलेली पाकटाची काळी गोल कड दिसली. तिने काकांना मागे लोटलं आणि स्वतः मध्ये शिरली. काटा तिच्या पोटरीत गेला.

मी तिला ओट्यावर ओढून घेतलं. ती पांढरीफटक पडली होती. "आई, पाणी तापवा. सोसवेल तेवढं कढत," एवढंच बोलली. विषाची कळ कमी व्हावी म्हणून पाय त्या पाण्यात ठेवून तिथूनच लोकांना वाट दाखवत राहिली. तो पाय अजून बधिर आहे.

पूर ओसरल्यावर फीरायुत आला. दारातून पहिला प्रश्न, "मासे किती गेले?" ओरथाय त्याच दिवशी माहेरी गेली.

तीन. आतल्या खोलीतली खाऱ्या पाण्याची गोल टाकी आणि तिच्यातली बांबू शार्क या लहान जातीच्या शार्कची जोडीही ओरथायला. टाकी गोलच राहू द्यावी. कोपरा असला की शार्क त्यावर नाक घासून जखमी होतो. वरची जाळी कधीही उघडी ठेवू नये. हा मासा उडी मारतो.

चार. गिऱ्हाइकाची टाकी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मासा विकू नये. पिल्लाच्या मापाची टाकी दाखवणाऱ्याला, मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो ते जमिनीवर खडूने काढून दाखवावं. गोड्या पाण्यातलं पाकट आणि शार्क एकाच टाकीत हवेत म्हणणाऱ्याला फाटकातूनच निरोप द्यावा. खाली फीरायुतसोबत उभा असलेला बँकॉकचा गृहस्थ नेमकं तेच मागतो आहे.

इथवर लिहिलं आणि फीरायुत वर आला.

"तळी कुणाला देतेस?"

"ओरथायला."

"ती परकी आहे, आई! मी कोर्टात जाईन. तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं असं सांगेन."

"सांग. मग हेही सांग, पुरात लोकांच्या पायाखाली पाकटं कोणाच्या तळ्यातून गेली. आणि काटा कोणाला लागला."

"कुणाला लागला?"

"ओरथायला."

"ती लंगडत होती. मला वाटलं, पाय मुरगळलाय."

"विचारलं होतंस?"

तो जिन्यावर बसला. उठून खाली गेला. मग फाटकाचा आवाज आला आणि गिऱ्हाइकाची गाडी गेली. त्याच्या मनात काय आहे मला ठाऊक नाही. वरच्या एकाही कलमात मी बदल केलेला नाही.

हे मृत्युपत्र साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

बुनरुआन थोंगयू

साक्षीदार:
नित्तया खामसुक, परिचारिका
वानलोप चायरात, निवृत्त शिक्षक. सही होताना मुलगा दारात उभा होता. हरकत आहे का, असं मी त्याला विचारलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं आणि ओरथाय हल्ली कुठे राहते, ते मला विचारलं.

नाखोन चाय सी, १४ मार्च, बुद्ध संवत २५६२