काढून टाकण्याचा अधिकार

खामगाव,
१७ नोव्हेंबर २०२२, गुरुवार

लाडक्या छकुलीस,

मावशीचे खूप खूप आशीर्वाद. पाकिटावर मी रीतसर ‘मंजुश्री’ लिहिलं आहे, काळजी करू नकोस. आत मात्र तू छकुलीच.

इथे सगळं ठीक. थंडी पडू लागली आहे. जिनिंगच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि कडेच्या बाभळींना पुन्हा पांढरं लटकू लागलं आहे. तुझी आई गेली त्या वर्षी तू नऊ वर्षांची होतीस. शाळेतून येताना ते पांढरं वेचून आणायचीस आणि माझ्या उशीत भरायचीस. ती उशी अजून आहे. आपल्या स्वयंपाकाच्या शालूबाईंचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे.

तुझा व्हिसा अडकल्याला आता महिना होईल. पुण्याच्या त्या खोलीत सामान बांधून तू बसली आहेस, हे डोळ्यांसमोर येतं आणि मला या कागदांचा वीट येतो. संचालक म्हणून तीनदा सही केली, तीनदा परत आली. एकदा स्कॅन काळं आलं, एकदा तारीख उलटी लिहिली, एकदा म्हणे शाई निळी हवी होती. तुमचा तो वकील दर मेलच्या शेवटी आभार मानतो. कशाबद्दल, ते त्यालाच ठाऊक.

आणि मुळात ही कसली रीत? कापसातला ओलावा मोजणारं यंत्र तू बनवलंस. कंपनी तू आणि धम्मरत्नने मिळून काढलीत. टेक्सासातल्या कापूसवाल्यांनी ते मागितलं. तरी तिकडे जाऊन काम करायचं तर तुझ्याच कंपनीने तुला नोकर म्हणून बोलवायचं. बरं, नोकर खरी कधी? तर तुला कामावरून काढू शकणारं कुणीतरी वर असेल तेव्हा! म्हणून तीन संचालक झाले. तू, आता तिकडे असलेला धम्मरत्न आणि इथली मी. तुझ्या नोकरीचा प्रश्न निघाला तर तू बाजूला बसायचं आणि आम्ही दोघांनी हात वर करायचा. वकील म्हणत होता, कुणी परका माणूस घ्या. तू म्हणालीस, “नाही, माझी मावशीच हवी.” तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

धम्मरत्नचा मेल आला. तू त्याच्याशी बोलत नाहीस म्हणे. तो आपल्या इथल्या उंद्रीचा मुलगा, कुणाची तक्रार करणाऱ्यातला नाही. एवढंच लिहिलं आहे, “मावशी, तिला वाटतं मीच व्हिसाच्या तपासणीच्या फोनवर काहीतरी उलटं बोललो. मी तर दोनच वाक्यं बोललो होतो.” ते वाचलं आणि हे पत्र लिहायला बसले.

दिवाळीत तू फोनवर विचारलंस, “मावशी, तुला वकिलातीतून फोन आला होता का गं?” मी म्हणाले, नाही.

आला होता, छकुली.

ऑक्टोबरातला दुसरा मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील, मी मेथी निवडत होते. एक मुलगी बोलत होती, इतकं गोड, स्वच्छ इंग्रजी की मी मेथी बाजूला सारून ताठ बसले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा आम्हांला असंच बोलायला लावायच्या, प्रत्येक वाक्य पूर्ण, शेवटचा शब्द न गिळता. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण माझ्याशी तसं बोलणारं इथे कोण? मी खुलले. त्या मुलीने विचारलं त्याहून जास्त सांगितलं. तुझा पहिला नंबर, मागच्या पत्र्याच्या शेडमधलं तुझं पहिलं यंत्र, सगळं.

मग तिने विचारलं, “गरज पडली तर तुम्ही मंजुश्रींना कामावरून काढू शकता का?”

मी हसले. म्हणाले, “अहो, आपल्याच लेकराला कुणी कामावरून काढतं का? कंपनी तिची, डोकं तिचं. मी आपली नावापुरती.”

इंग्रजीत ते आणखीच गोड वाटलं. ती “थँक यू, मॅम” म्हणाली. मी पुन्हा मेथी निवडायला घेतली.

चूक लक्षात यायला मला तासभरसुद्धा लागला नाही. त्याच दिवशी तुला सांगितलं असतं तर वकिलाने काहीतरी केलं असतं. मी का सांगितलं नाही, हे मी स्वतःला महिनाभर निरनिराळ्या तऱ्हांनी समजावते आहे. लाज वाटली, हे खरंच आहे. पण चूक उमगली तेव्हा लाजेच्याही आधी मला हलकं वाटलं होतं. आता छकुली जाणार नाही, असं. पळभरच. पण वाटलं.

परवा वकिलातीसाठी नवा जबाब टाईप करून घ्यायला कचेरीसमोरच्या टायपिस्ट शेषरावांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला.

“मॅडम, भाचीले काढाचा कागद? काऊन, काय केलं पोरीनं?”

“काही केलं नाही हो. काढत नाही. काढू शकते, एवढंच लिहायचं आहे.”

“म्हंजे धमकी झाली न! मावशीनं भाचीले धमकी देल्याचा कागद म्या आजवर टाईप नाही केला, बाप्पा.”

मी तशीच घरी परत आले. त्यांचं काय चुकलं? खोट्या कागदावर सही करायची तर ती चौथ्यांदाही परत येईल, असं मला वाटू लागलं होतं. स्वयंपाकघरात शालूबाईंना म्हटलं, तुम्ही साहेब व्हा आणि मला विचारा. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“बोला बाई, काढता का तिले?”

“हो. काढू शकते.”

“तुम्ही तं रडून राह्यल्या! असं रडत रडत कोणी काढते का?”

मी डोळे पुसले. त्या पोळी लाटायला बसल्या आणि सहज बोलाव्या तशा म्हणाल्या, “बरं, उद्या तिच्या मशीननं एखाद्या कास्तकाराचा सुका कापूस ओला दाखवला, आन् ते तिले मालूम असून ते गप बसली तं? तवा बी नाही काढणार?”

“त्या दिवशी काढीन,” मी म्हणाले. आवाज ठाम निघाला. शालूबाईंनी लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

तुला आठवतं, तू दहा वर्षांची असताना आपण बाजारात उभ्या होतो? व्यापाऱ्याने गाडीतल्या कापसात हात घातला आणि “ओला आहे” म्हणून भाव पाडला. शालूबाईंच्या नवऱ्याची गाडी होती ती. तू त्याच कापसात हात घालून मोठ्याने म्हणालीस, “मावशी, हा तर सुका आहे!” तुझं यंत्र तिथे जन्मलं. तेच यंत्र कधी त्या व्यापाऱ्याचा हात झालं, तर मी धम्मरत्नच्या बरोबरीने हात वर करीन. तुझ्याकडे न बघता करीन.

हेच मी जबाबात लिहिलं आहे. आधीचं फोनवरचं उत्तर माझं होतं आणि ते चुकीचं होतं, हेही लिहिलं आहे. काल शेषरावांनी वाचून पाहिलं, म्हणाले, “आता हा कागद झाला.” सही निळ्या शाईने केली आहे. कागद सोबत आहे. आजच कुरिअरने पाठवते.

वकिलातीला पटेल की नाही, कोण जाणे. कदाचित उशीर झाला असेल. तसं असेल तर माझ्यावर राग धर, माझ्यावरच. हे वाचल्याबरोबर धम्मरत्नला फोन कर. त्याची माफी मी मागितली आहे, तुझ्या वाटची तू माग.

आणि व्हिसा मिळाला तर मला भेटायला येण्यात दिवस घालवू नकोस. सरळ नीघ.

तुझ्याविरुद्ध हात वर करू शकणारी,
तुझी
पुष्पामावशी