शिरोरेघेतली फट

आबा, मरूनही तुमचा हात स्वस्थ बसत नाही, हे मी कुणाला सांगायचं? लोक मलाच वेड्यात काढतील.

गंगावेशीतल्या खोलीत तुम्ही शास्त्रीय गाण्याच्या रेकॉर्डांच्या कव्हरांवर गवयांची नावं काढायचात. जाड, काळी अक्षरं, तानेसारख्या लांब ओढलेल्या वेलांट्या. शाळेतून आले की मी शेजारी बसायचे. तुम्ही नावावर शिरोरेघ ओढायचात आणि शेवटच्या अक्षराआधी कुंचला उचलायचात. गव्हाच्या दाण्याएवढी फट राहायची. एकदा मी ती भरायला गेले तर हातावर फटका बसला. "गाणारं माणूस जित्तं हाय न्हवं? त्याला दम घ्यायला जागा नको व्हय?" प्रत्येक गवयाचं छापून आलेलं एक कव्हर तुम्ही घरी ठेवायचात. गवई गेल्याची बातमी आली की आंघोळ करून त्यावरची फट शाईनं बुजवायचात. त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

तुमच्यामागं उरलेल्या फटी मीच बुजवत आले. आता एकच उघडी होती, आत्याच्या नावावरची; तिच्याही गाण्याची एक रेकॉर्ड निघाली होती. मंगळवारी दुपारी कपाट आवरताना पाहिलं, तर तीही अर्धी भरलेली. बोट लावलं, शाई ओली. तुमची दौत तर केव्हाच वाळून खडखडीत झाली आहे. कळंब्याला आत्याला फोन लावला. ती खोकत खोकत हसली. "जित्ती हाय की अजून! तुझा बा सपनात आलता. म्हणला, अक्षर पुरं करायचं ऱ्हायलंय. म्या म्हटलं, कर की बाबा, दमले आता."

ब्लेडनं मी ती शाई खरवडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती, थोडी पुढं सरकलेली. तेव्हापासून तुम्ही भरता आणि मी खरवडते. कव्हराचा कागद आता झिजून पातळ झालाय. रोज घरात येता आणि माझ्याशी एक शब्द बोलत नाही, याचा राग येतो मला, आबा.

हे पत्र कव्हराशेजारी ठेवलं तर तुम्ही वाचालही. पण ठेवणार नाही. उत्तर आलं तर काय करू? आत्या तयार आहे, तुम्ही तयार आहात, मीच तेवढी ब्लेड घेऊन आडवी बसले आहे. तिला वाचवतेय असं स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला माझीच काळजी आहे. ती गेली की मला 'पोरी' म्हणून हाक मारणारं कुणी उरत नाही.